गंगूसाठी ओहळ, ऋतिकासाठी हौद

खरं सांगते, त्या बॅनरपासूनच माझं डोकं फिरलं होतं. सप्टेंबरमध्ये आमच्या मंडळीने सृष्टी रविवार पाळायचा ठरवला. देवाने केलेल्या सृष्टीची आपण राखण करायची, असं ह्यांनी कित्येक आठवडे उपदेशात सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान, पास्टर दिनेश. आणि पंचांनी काय केलं? चर्चच्या दारावर भलामोठा फ्लेक्स चढवला. 'वसुंधरा वाचवा.' त्यावर हिरवं झाड, निळी नदी आणि झाडाएवढाच मोठा मनोजशेठ. उपासनेनंतर थर्माकोलच्या द्रोणात शिरा वाटला आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं एकेक रोप. रोपं बाकांखालीच राहिली, द्रोण दारापुढच्या गटारात गेले. दुसऱ्या दिवशी मी गटारात काठी घालून ते द्रोण उपसत होते आणि वरून फ्लेक्सवरचा शेठ दात काढून बघत होता. शी!

हा मनोजशेठ आमचा मुख्य पंच. राहायला निजामपुऱ्याजवळ, गोडाऊन कशेळीला आणि बापाची जमीन दिघाशीच्या बाजूला. शेती केव्हाच बंद. ती जमीन त्याने ड्रम धुणाऱ्या एका माणसाला भाड्याने दिलीये. कुठून कुठून केमिकलचे रिकामे ड्रम टेम्पोने येतात, तिथे धुतले जातात आणि परत विकायला जातात. धुतलेलं पाणी उतारावरून सरळ ओहळात. त्या ओहळाच्या काठी गंगूचा पाडा आहे.

गंगू चाळिशीची बाई. मजुरी करते, नवरा वारला, मुलगी सासरी. दोन वर्षं ती आमच्या प्रार्थनेला येत होती आणि बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून ह्यांच्यापाशी शिकत होती. वाचता येत नाही, पण वचनं अशी तोंडपाठ की आमच्या कॉलेजच्या पोरींनी लाजावं. पूर्वी तिचा पाडा ओहळाचंच पाणी प्यायचा. आता बायका हंडे घेऊन दिघाशीच्या विहिरीवर जातात, चांगली अर्ध्या तासाची चाल. ओहळाला वास यायला लागला तेव्हा गंगूने उपासनेनंतर सगळ्यांसमोर शेठला विचारलं होतं. शेठ हसून तिच्याच बोलीत म्हणाला, "अगं, साबणाचे ड्रम हायत ते. फेस येतो जरा. मी पाणी तपासून घेतलंय, काय होत न्हाय." मुख्य पंचाने चर्चमध्ये उभं राहून सांगितलं म्हटल्यावर गंगूने मान डोलावली. भांडी, कपडे, आंघोळ ओहळातच चालू राहिली.

ह्या वर्षी बाप्तिस्म्याला दोघीच होत्या. एक गंगू, दुसरी ऋतिका, मनोजशेठची मुलगी. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा पहिल्यापासून त्या ओहळात होतो. वाहतं पाणी लागतं. पास्टर मध्ये उभे राहतात, दोन पंच पाण्यात उतरून दोन्ही बाजूंनी दंड धरतात, माणसाला मागे झोपवून पूर्ण बुडवतात आणि वर काढतात. पंच आधी उतरतो आणि मग आपल्या माणसाला हात देऊन आत घेतो, ही रीत. माझाही बाप्तिस्मा तिथेच झाला. तेव्हा तळातले खडे दिसायचे आणि पायाला मासे टोचायचे.

आठवडाभर आधी शेठ आमच्या घरी आला. मी चहा टाकला होता. म्हणाला, "वहिनी, एक छोटी ॲडजस्टमेंट करायची. ऋतिकाची स्किन सेन्सिटिव्ह आहे. मी चर्चच्या आवारात प्लास्टिकचा मोठा हौद लावतो, टँकर मागवतो. आपण तिचं तिथे करू."

"बरं," मी म्हटलं. "मग गंगूचंही तिथेच करू. एकदम होऊन जाईल."

"नाही नाही, गंगूचं ओहळातच राहू दे. परंपरा मोडायला नको. आणि त्या लोकांना सवय असते हो त्या पाण्याची."

त्या लोकांना! माझं माहेर पाड्यावरचं, जव्हारकडचं. ह्यांचं घरही तसंच पाड्यावरचं. हा माणूस माझ्याच हातचा चहा फुर्र फुर्र करून पीत होता आणि माझ्याच तोंडावर हे बोलत होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी विचारलं, "शेठ, पाणी चांगलंय असं तुम्हीच सांगितलंत ना? मग तुमच्या मुलीला काय धाड भरलीये?"

"वहिनी, तुम्ही उगाच कुठलं कुठे नेता," म्हणाला आणि उठला.

मी ह्यांना सांगितलं. आमच्या ह्यांचा स्वभाव असा की मुंगीलाही आधी वाट विचारतील. "ललिता, मंडळीत फूट नको," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "अहो, फूट पडलीच आहे! एका बाप्तिस्म्याला दोन पाणी, ह्याला काय म्हणायचं? तुम्ही सृष्टी सृष्टी करून घसा कोरडा केलात, आणि ती सृष्टी नासवणारा तुमच्या पहिल्या बाकावर बसतो." त्यांनी ताटात आणखी भात वाढून घेतला. मला त्या दिवशी त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

मग मी ऋतिकाला गाठलं. गाण्याच्या सरावाला ती नेहमी लवकर यायची. तिला मी सगळं सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. पोरगी आधी हसली. तिला वाटत होतं की गंगूमावशीला हौद नको आहे, ओहळच हवा आहे. पप्पांनी तसंच सांगितलं होतं म्हणे. मग तिचं हसू गेलं. "काकी, मावशीला एकदा तरी विचारलं का कोणी?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या पप्पांनी तरी नाही." त्या दिवशी सरावात तिचा सूर सारखा चुकत राहिला.

रविवारी सगळी मंडळी आधी ओहळावर गेली. गंगूचं उरकायचं आणि मग चर्चच्या आवारात हौदाशी जायचं, नंतर तिथेच बिर्याणी, असा शेठचा कार्यक्रम. उरकायचं! तोच शब्द वापरला त्याने. काठावर उतरलो आणि नाकात तो वास घुसला. सडक्या अंड्यांत रॉकेल ओतल्यासारखा. पाण्यावर पिवळसर फेस, कडेच्या दगडांवर तेलकट साय, आणि एक मेलेला खेकडा उलटा पडलेला. बायकांनी पदर नाकाला लावले. मुलं थुंकत होती. आणि ह्या सगळ्यात आमचे लोक गात होते, टाळ्या वाजवत होते.

गंगू मात्र खुश. नवी पांढरी साडी, केसांना तेल. तिने कडेला एक भरलेला हंडा ठेवला होता. म्हटलं, हे काय? "बाप्तिस्मा झाला का आंग धवाया, ताई. खाजतं ना मागून. सकालीच हिरीवरनं आनला." तिला वाटत होतं ते साबणानेच खाजतं.

हे पाण्यात उतरले. दुसरे पंच देवराममामा, पाड्यावरचेच, तेही उतरले. आता शेठची पाळी होती. तो काठावर उभा, पांढरे बूट, पांढरी पँट.

"या शेठ," हे म्हणाले.

"पास्टर, माझी कंबर धरलीये सकाळपासून. तुम्ही दोघं घ्या ना सांभाळून."

"दोन पंच लागतात."

"अहो, बाई काय जड आहे का!" आणि हसला. त्याच्यामागे आणखी चार-पाच जण हसले. त्या हसणाऱ्यांची तोंडं मी नीट बघून ठेवली आहेत.

गंगू हात पुढे करून उभी होती. रीत माहीत होती ना तिला, पंचाने हात द्यायचा. तो हात तसाच राहिला. मी पुढे होणार, तेवढ्यात गर्दीतून ऋतिका आली. हौदासाठी शिवलेला तो पांढरा झगा अंगावर, चपला तिने काठावर काढल्या.

"पप्पा येत नाहीत ना, मग मावशीला मी धरते," ती म्हणाली. "आणि मग माझाही इथेच करा, पास्टर."

आणि ती उतरली. पोटऱ्यांपर्यंत गेली, मग गुडघ्यांपर्यंत, आणि मागे वळून तिने गंगूला हात दिला. गंगू तिच्यामागोमाग पाण्यात शिरली.

"ऋतिका!" शेठ असा ओरडला की गाणं बंद पडलं. "बाहेर ये आधी! ॲसिड आहे त्यात, चामडी सोलून निघेल! ऋतिका, बाहेर ये म्हणतो ना!"

शेठला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं, कारण त्याने तोंड मिटलं आणि खिशातला रुमाल काढून मान पुसायला लागला.

गंगू पाण्यात उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं. ओरडली नाही, रडली नाही.

"म्हंजे तुला म्हाईत व्हतं, शेठ," ती म्हणाली. "आमी रोज आंगोल करतो ह्यान. माजा नातू येतो तवा ह्यान खेलतो. तुला म्हाईत व्हतं."

शेठने ह्यांच्याकडे बघितलं. सांभाळून घ्या, असं बघणं. आणि माझ्या गरीब नवऱ्याने, जो कधी कोणाला अरे म्हणत नाही त्याने, हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं.

"आज बाप्तिस्मा होणार नाही," हे म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ह्या पाण्यात नाही आणि त्या हौदातही नाही. ड्रम इथून जातील, ओहळ साफ होईल, मग दोघींचा इथे एकदम होईल. तोवर प्रभुभोजन बंद, भाकर नाही की प्याला नाही. एकट्या शेठचं नाही, सगळ्यांचं. वास आपल्या सगळ्यांनाच येत होता. उद्यापासून उपासना ड्रमवाल्याच्या फाटकासमोर होईल, टेम्पो आत जाऊ द्यायचा नाही. ज्याला यायचं त्याने यावं."

मागून कोणीतरी हळूच विचारलं, "मग आजच्या बिर्याणीचं काय?" देवाशपथ, असं विचारलं. अशा माणसांबरोबर मी दर रविवारी शांतीचं हस्तांदोलन करते.

ऋतिका पाण्याबाहेर आली तेव्हा तिच्या पोटऱ्या लाल झाल्या होत्या आणि ती नखांनी खाजवत होती. डोळ्यांत पाणी, पण बापाकडे बघेना. गंगूने तिला दगडावर बसवलं. स्वतःच्या पायांवरही चट्टे उठले होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने तो हंडा उचलला, विहिरीवरून आणलेला, आणि ऋतिकाच्या पायांवर धार धरली. हाताने चोळून चोळून धुतलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. "नखा लावू नको, बाय," म्हणत होती. हंडा रिकामा झाला. तिच्या स्वतःसाठी थेंब राहिला नाही.

शेठ जवळ आला. हात पुढे केला, मुलीला उठवायला असेल. म्हणाला, "चल, गाडीत पाण्याच्या बाटल्या आहेत."

गंगूने त्या हातात हंडा दिला.

"जा, भरून आन," ती म्हणाली. "हिरीवरनं. चालत."

आम्ही सगळे बघत होतो. शेठने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा ऋतिकाकडे. ऋतिका म्हणाली, "जा ना, पप्पा. मावशीचे पाय जळतायत."

मग तो हंडा घेऊन निघाला. विहिरीची पायवाट कुठल्या बाजूला ते त्याला माहीत नव्हतं. देवराममामांनी हात करून वाट दाखवली.