फाटकाचा स्प्रे

थोरली सून गाडी चालवायला शिकवायची. त्या सकाळी शिकाऊ बाई घरापासूनच गाडी चालवत निघाल्या; त्यांनी पहिलाच ब्रेक दाबला आणि चाकांतून खरखर आली, जळका वास सुटला. बाईंनी घाबरून स्टिअरिंगच सोडून दिलं. थोरलीने आपल्या बाजूचा ब्रेक गच्च दाबून गाडी कशीबशी कडेला घेतली. उतरून पाहते तर चारही चाकं चंदेरी. घरून निघताना घाईत तिचं लक्षच गेलं नव्हतं. रंग चिखलावरून मारलेला, टायरवर उडालेला, आतल्या ब्रेकच्या डिस्कवरसुद्धा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“वहिनी, सरप्राइज होतं,” घरी धाकटा दीर म्हणाला. “फाटक रंगवलं त्यातला स्प्रे उरला होता ना.”

“गाडी माझी आहे, भाऊजी. मला विचारलंत?”

सासूबाई मध्ये पडल्या. “अगं, मनापासून केलं त्याने.”

“मनापासून करायचं होतं तर आधी चाकं धुवायची.”

या घरात तिच्या कपाटापासून फोनपर्यंत कुणीही हात घालायचं आणि ती गिळून टाकायची. पण गाडी तिच्या कमाईची होती, आणि आज त्यात परकी बाई बसली होती.

रंगाच्या दुकानात दुकानदाराने स्वस्तातला डबा पुढे केला. “चमक बघा, ताई.”

“चमक राहू द्या. ब्रेकची उष्णता सोसेल, खडीने उडणार नाही असा चाकांचा रंग द्या. खालचा प्राइमर आणि वरचा पारदर्शक लॅकरही.”

तिने चाकं काढली, धुतली आणि पॉलिशपेपर दिरापुढे टाकला. “घासा.”

दुसऱ्या चाकालाच त्याचा खांदा भरून आला. ती मात्र थिनरने डिस्कवरचा रंग पुसत राहिली. मग टायरला टेप, प्राइमर, वाळवून वाळवून रंगाचे पातळ हात, आणि शेवटी लॅकर.

“एकदाच जाड मारलं तर लवकर होईल,” तो पुटपुटला.

“ओघळ येतील. तुमचं लवकर बघितलंय मी.”

दुसऱ्या दिवशी चाकं चढवून, नट आवळून तिने अंगणातच ब्रेक तपासला. आवाज नाही. दीर हसत शेजारी येऊन बसला.

“उतरा,” ती म्हणाली. “काल एका बाईचा जीव थोडक्यात वाचला. आधी त्यांची माफी मागा.”

तो उतरला. मान खाली घालून त्याने बाईंचा फोन नंबर विचारला. तिने तेवढाच सांगितला आणि गाडी फाटकाबाहेर काढली.