दहावा लोक बेचक्यात आहे

सलूनवाल्यानं आपल्याला बारा वर्षं शेंडी लावली, हा संशय खारोबाच्या डोक्यात शिरला तो एका पिवळ्या डागातून.

खारोबा म्हणजे नगरपालिकेचा झाडं छाटणारा माणूस. कमरेला दोर आणि पाठीला कोयता लावून चाळीस वर्षं खारीसारखा झाडांवर चढला, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं, आणि तिथंही तो अंगठाच उठवायचा. निवृत्त झाल्यावर सून मागं लागली, "बाबा, आता तरी शिका." तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एकसष्टाव्या वर्षी त्याला अक्षरं लावायला शिकवलं. बाहेर त्यानं कुणाला कळू दिलं नाही. एक दिवस सलूनवाल्याच्या हातातला चित्रकथेचा अंक काढून घ्यायचा, घडाघडा वाचून दाखवायचा आणि त्याचं तोंड बघायचं, एवढाच त्याचा बेत होता.

सलूनात 'हिमगर्ज' नावाच्या चित्रकथेचे साठेक जुने अंक होते. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या देवांवर बेतलेली गोष्ट. एक अवाढव्य झाड, त्याच्या मुळांवर आणि फांद्यांवर वसलेले नऊ लोक. देवांचा, राक्षसांचा, बुटक्यांचा, माणसांचा, असे. वरच्या लोकात जायला इंद्रधनुष्याचा पूल आणि पुलावर कधीही न झोपणारा राखणदार. लढताना मेलेला माणूस वीरमहालात जातो आणि बिछान्यात मेलेला थंडगार धुकेलोकात. हिमगर्ज हा नायक बर्फाची कुऱ्हाड घेऊन या लोकांतून हिंडतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सलूनवाला खुर्चीत बसून एक एक पान उलटायचा आणि मोठ्यानं वाचायचा. खारोबा आणि त्याचा धाकटा भाऊ बाकावर बसून ऐकायचे.

मग धाकटा झाडावरून पडला. तोही छाटणीवरच होता. वाळकी फांदी हिरवी समजून पाय दिला. नऊ दिवस इस्पितळात होता आणि तिथंच, पांढऱ्या चादरीवर गेला. पंधरा दिवसांनी खारोबा सलूनात येऊन बसला तेव्हा पहिला प्रश्न त्यानं हाच विचारला होता: "माझा भाऊ कामावर मेला की बिछान्यात?"

सलूनवाल्यानं पुढचा अंक उघडला, थोडा वेळ पानाकडं बघितलं आणि वाचलं, की महावृक्षाच्या तिसऱ्या फांदीच्या बेचक्यात दहावा लोक आहे. छोटासा. कामावर जीव गेलेली माणसं तिथं राहतात. आपापली हत्यारं खुंटीला टांगतात, दिवा लावतात आणि पाय पसरून बसतात.

खारोबानं त्या बेचक्यात भावाला बसवला. देवाधर्मावर त्याचा फारसा विश्वास नव्हता आणि ही तर लहान मुलांची चित्रकथा, हे त्याला कळत होतं. पण रात्री डोळा मिटताना माणूस कुठंतरी दिसावा लागतो.

बारा वर्षं तो दहाव्या लोकासाठी भांडला. भांडायला समोर शेजारचा औषधवाला होता. चाळिशीचा, चष्मेवाला. लहानपणी त्यानं हे सगळे अंक वाचले होते आणि लोक नऊच, यावर तो अडून बसलेला.

"दहा! फांदीला बेचकं असतं की नाही? बेचक्यात पाणी साठतं, माती साठते, चिमणीएवढं रोप उगवतं. मी डोळ्यांनी बघितलंय," खारोबा म्हणायचा.

"काका, ते तुमचं सडकेवरचं झाड. हे विश्व आहे विश्व!"

"झाड म्हटलं ना? मग झाडाचे नियम लागणार!"

अशी मजा चालायची. मग अक्षरं लावता येऊ लागली आणि एका दुपारी सलूनवाला चहा आणायला गेला असताना खारोबानं सरावासाठी तोच अंक शर्टाखाली घातला आणि घरी आणला. खिडकीशी बसून बोटानं अक्षरं लावली. पानभर झाडाचं चित्र होतं. तिसऱ्या फांदीच्या बेचक्यात एक पिवळा डाग होता. छापताना रंग सरकलेला असावा, कारण राखणदाराच्या नाकावरही तसाच डाग होता. आणि राखणदाराच्या तोंडातून निघालेल्या फुग्यात लिहिलं होतं: "लोक नऊच आहेत. जो बिछान्यात मरतो, तो धुक्यात जातो. त्याला दुसरी वाट नाही."

खारोबानं ते तीनदा वाचलं. आपलंच वाचन कच्चं असेल म्हणून सुनेला हाक मारली. तिनंही तेच वाचलं.

"का हो बाबा, काय झालं?"

"काही नाही. तू तुझी भाजी बघ."

आधी त्याला वाटलं, सलूनवाल्यानं आपली कीव केली. आणि कीव म्हटल्यावर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बारा वर्षं आपण घसा कोरडा करून भांडतोय आणि हा लेकाचा आरशात बघून गालात हसत असेल. मग त्यानं एक एक करून आणखी सात अंक पळवले. आता तर त्याचं डोकंच फिरलं. एकही गोष्ट जुळत नव्हती! सलूनवाल्यानं हिमगर्जचा मेहुणा म्हणून सांगितलेला कपटी माणूस पुस्तकात त्याचा सावत्र भाऊ होता. ज्या म्हातारीला सलूनवाल्यानं वाचताना विहिरीत ढकलून मारलं होतं, ती पुढं तीन अंक ठणठणीत जिवंत होती. कीव भावापुरती समजू शकते. पण म्हातारीला कशाला मारायचं? कुठंतरी पाणी मुरत होतं.

पुढचे पंधरा दिवस खारोबानं तोंड बंद आणि डोळे उघडे ठेवले. औषधवाला वाद उकरून काढायचा, हा नुसता हूं म्हणायचा आणि आरशातून सलूनवाल्याचं तोंड बघायचा. औषधवाला एकदा म्हणाला, "तो अंक काढा ना बाहेर, एकदाचा फैसला करू." सलूनवाला म्हणाला, "कुणीतरी पळवला." हे खरं होतं, त्यामुळं खारोबाला बोलता येईना. "मग दुसरा कुठला काढा." "चष्मा घरी राहिला." चौथ्या दिवशीही चष्मा घरी होता. या माणसाला चष्मा लावलेला आपण कधी बघितलाय का, हे खारोबा आठवू लागला आणि त्याला आठवेना.

मनात एक शंका आली आणि ती त्याला इतकी वेडगळ वाटली, की तपासल्याशिवाय राहवेना.

एका सकाळी, सलून उघडायच्या आधी, त्यानं वहीचा कागद दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "आज सलून बंद आहे." मग समोरच्या बसथांब्यावर, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला.

सलूनवाला आला. कुलूप काढलं. कागद बघितला. आता हा फाडणार, शिव्या घालणार, इकडंतिकडं बघणार, म्हणून खारोबा हसू दाबून बसला. सलूनवाल्यानं कागदाकडं मान कलती करून बघितलं. तो खिळ्यावर तिरका लटकला होता. त्यानं दोन बोटांनी तो हलकेच सरळ केला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दाराची काच अर्ध्यापर्यंत रंगवलेली, आत बसलेला माणूस दिसायचा नाही. गिऱ्हाईकं येत, कागद वाचत आणि परत फिरत. एक, दोन, सहा. दर थोड्या वेळानं सलूनवाला दार उघडून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघायचा. औषधवालाही काखेत काहीतरी घेऊन आला, कागद वाचून माघारी गेला. अकरा वाजेपर्यंत खारोबाचं हसू कधीच विरून गेलं होतं. वर्तमानपत्राची घडी करून तो उठला, कागद काढून खिशात कोंबला आणि आत शिरला.

"ये बाबा, ये! सकाळपासून माशी नाही फिरकली. दाढी करू?"

"कर."

साबणाचा फेस गालांवर चढला. वस्तरा कानाखालून उतरू लागला.

"बाहेर कसला कागद होता रे?" खारोबानं विचारलं.

"असेल कसला तरी. नगरपालिकेचा असला म्हणजे? काढायचा आणि दंड बसायचा. म्हणून हात नाही लावला."

खारोबानं डोळे मिटले. ही बोली त्याची स्वतःची होती. दारावरचा कागद काढायची भीती, घरी राहिलेला चष्मा, डोळ्यात गेलेलं कुसळ, "तूच वाच रे, मला घाई आहे". साठ वर्षं त्यानं हेच केलं होतं, आणि बारा वर्षं समोर तेच चाललेलं त्याला दिसलं नव्हतं. त्याचा राग कुठं जावा ते त्याला कळेना. आणि त्याच वेळी दार उघडलं.

"अरे, तुम्ही आहात होय?" औषधवाला म्हणाला. "सकाळी बाहेर कागद होता ना, आज सलून बंद आहे म्हणून? मी परत गेलो."

वस्तरा खारोबाच्या गळ्यावर थांबला. आरशात सलूनवाल्याची नजर आली आणि खारोबाच्या शर्टाच्या खिशावर टेकली. कागदाचं टोक बाहेर आलेलं होतं.

"मीच लावला होता. चेष्टा केली," खारोबा फेसातून म्हणाला. "माझंच काम हे यानं ओळखलं, आणि मीच येऊन काढावा म्हणून हट्टानं हात लावला नाही. एक नंबरचा खवट."

सलूनवाल्यानं वस्तरा हळूच गळ्यावरून उचलून पाण्यात बुडवला.

"ते जाऊ द्या," औषधवाला खुशीत होता. त्यानं काखेतला अंक पुढं केला. "घरी माळ्यावर सापडला. तोच अंक! दहाव्या लोकाचा आज निकाल. घ्या, वाचा मोठ्यानं. माझाच चष्मा घ्या, हवा तर."

सलूनवाल्याच्या हातात अंक आला. त्यानं तो उघडला. बरोबर पान उघडलं, चित्र त्याला पाठ होतं. "ते काय आहे..." तो म्हणाला आणि थांबला.

"इकडं आण," खारोबा म्हणाला. "मी वाचतो."

"तुम्ही?" औषधवाला हसला. "काका, तुम्ही कधीपासून?"

"तुझ्या दुकानातल्या बाटल्यांवरची तारीख वाचायला लागल्यापासून. गप्प बस."

अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यानं पान गुडघ्यावर घेतलं. मनानं काहीही सांगता आलं असतं. पण औषधवाल्याचे डोळे पानावरच होते, आणि ते नसते तरी इतक्या कष्टानं मिळालेली अक्षरं वाकवायला त्याचं बोट तयार झालं नसतं. त्यानं बोट ठेवलं आणि एक एक शब्द सोडवत वाचलं. लोक नऊच आहेत. जो बिछान्यात मरतो, तो धुक्यात जातो. त्याला दुसरी वाट नाही.

"झालं!" औषधवाल्यानं टाळी वाजवली. "बारा वर्षं म्हणजे काय थट्टा आहे! कुणी सांगितलं हो तुम्हाला दहा?"

सलूनवाला भिंतीकडं तोंड करून टॉवेलची घडी घालत होता. तोच टॉवेल तिसऱ्यांदा.

"हे बोलतंय कोण?" खारोबानं पानावर बोट आपटलं.

"राखणदार."

"तो बसलाय कुठं?"

"पुलावर."

"जन्मात कधी झाडावर चढलाय?"

"तो कशाला चढेल? त्याला नऊही लोकांतलं गवत उगवलेलं ऐकू येतं."

"ऐकू येऊ दे. बेचकं ऐकू येत नसतं. खालून बघितलं तर फांदी आडवी येते. वरून बघितलं तर पानं. ते फक्त त्यात पाय अडकल्यावर कळतं. पुलावर बसून हिशेब सांगणारे मी नगरपालिकेत ढीगभर बघितले. यानं जिथवर नजर जाते तिथवर मोजलं, नऊ भरले. प्रामाणिक आहे बिचारा. पण कमी पडला."

"अहो, पण लिहिणाऱ्यानंच लिहिलंय!"

"तोही चढला नसेल."

"म्हणजे काका, आता तुम्ही पुस्तकालाच खोटं पाडणार?"

"खोटं कुठं म्हणतोय? अपुरं म्हणतोय. आणि आमच्या या सलूनवाल्यानं त्या पिवळ्या डागाकडं बघितलं, तू बघितलं नाहीस. बघ, बघ. जळतंय की नाही काहीतरी?"

औषधवाला वाकून डाग बघत राहिला. मग त्याच्या दुकानात कुणीतरी घंटी वाजवली आणि तो "उद्या बोलू, उद्या" म्हणत पळाला. अंक खारोबाच्या गुडघ्यावरच राहिला.

सलूनवाल्यानं उरलेल्या गालावरचा फेस उतरवला. तुरटी फिरवली. मग बाकावर बसला, भाऊ बसायचा त्या टोकाला.

"कधीपासून माहिताय?"

"आज सकाळपासून. तू माझा कागद सरळ केलास तेव्हापासून."

"हरामखोरा."

"ते झालंच. धाकट्यासाठी रचलंस का ते?"

सलूनवाल्यानं विचार केला. "थोडंसं. पण खरं सांगू? मला तिथं दिवा दिसला. आता दिवा आहे म्हटल्यावर कुणीतरी राहत असणारच की. मी चित्र बघूनच सांगत होतो रे, सगळंच. वडील गेले तेव्हा हे अंक दुकानाबरोबर आले. मला वाटायचं, साधारण असंच लिहिलेलं असेल."

"म्हातारीला का मारलंस?"

"विहिरीशी वाकली होती. मग पुढच्या पानावर ती नव्हती! नंतर दिसली ती मला तिची बहीण वाटली."

खारोबा इतका हसला की खुर्ची करकरली. सलूनवाला हसला नाही. त्यानं उठून दाराला आतून कडी घातली, फळीवरून अगदी तळातला, पहिला अंक ओढून काढला आणि खारोबाच्या हातात दिला.

"वाच. सुरुवातीपासून."

खारोबानं बोट ठेवलं. पहिलं पान वाचायला बराच वेळ गेला. बर्फ, वारा, तीन मुळं, मुळाखाली विहीर, झाड कुरतडणारा साप. दुसऱ्या पानावर तो आला तेव्हा सलूनवाला पुढं झुकला होता. तो पानाकडं नाही, डोळे बारीक करून खारोबाच्या तोंडाकडं बघत होता.

"थांब," तो म्हणाला. "सापानं मूळ कुरतडलं, असं खरंच लिहिलंय? की तू मनानं सांगतोयस?"