पाच सुरांचं गाणं

बाबांची एकशे तेरा गाणी तिने आलेखाच्या कागदांवर उतरवली होती. एक चौकोन म्हणजे एक मात्रा. लाल पेन्सिलीने शब्द, निळीने सूर. कुठलं अक्षर कुठल्या सुरावर पडलं, किती लांबलं, गाणाऱ्याने दम कुठे घेतला, सगळं त्यात होतं. प्रबंधासाठी चार वर्षं हा उद्योग चालू होता. नवरा म्हणायचा, लोक गाणी ऐकतात आणि ही त्यांचं शवविच्छेदन करते. तिला ते थोडंफार पटायचंही. पण हाती घेतलेलं काम तडीस न्यायचंच, ही खोड तिला बाबांकडूनच आली होती.

बाबा गीतकार. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या सगळ्या गाण्यांना चाली लावल्या त्या काकांनी. काका नात्याने कुणीच नव्हते, पण तिच्या लहानपणी दोन्ही घरांचं असं गूळपीठ होतं की सख्ख्या भावांनी हेवा करावा. मग एका गाण्याला मोठं बक्षीस मिळालं आणि त्याच आठवड्यात दोघांचं बोलणं बंद झालं. बाबांनी पुन्हा गाणं म्हणून लिहिलं नाही. साबणांच्या आणि पंख्यांच्या जाहिराती लिहीत ते निवृत्त झाले.

ते गाणं म्हणजे अगदी साधं: ‘थांब जरा, आलोच मी, एवढं आवरून आलोच मी.’ पुढेही सगळं असंच, घरात रोज बोलावं तसं. लोकांनी मात्र ते डोक्यावर घेतलं. निरोप समारंभात ते वाजे, अंत्यविधीलाही वाजे. एका समीक्षकाने तर अकरा पानं खर्चून सिद्ध केलं होतं की कवी इथे मृत्यूला उंबऱ्यावर थांबायला सांगतो आहे.

आणि बाबा? ते गाणं लागलं की ते खोलीतून उठून जात. सत्काराला कुणी ते म्हणू लागलं की बुटांकडे बघत बसत. तिचं ते जगातलं सगळ्यात आवडतं गाणं, त्यामुळे दहा वर्षांची असताना तिने एकदा विचारलंच. बाबा म्हणाले, “ते माझं गाणं नव्हे.” त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिने पुन्हा विषय काढला नाही. मोठी झाल्यावर तिने त्याचा अर्थ लावला: शब्द बाबांचे, आधी लिहिलेले, आणि काकांनी चाल लावून त्यांची माती केली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच पायावर उभं होतं. खरं सांगायचं तर सगळा प्रबंधच त्या प्रकरणासाठी होता. बाबा कशावर रुसले होते ते तिला एकदाचं कागदावर दाखवायचं होतं.

आणि कागदच उलटला. सगळे कागद जमिनीवर मांडून ती त्यांच्यामधून अनवाणी फिरत होती, तेव्हा ते ध्यानात आलं. काकांची चाल तिसऱ्या ओळीला वर उडी घ्यायची म्हणजे घ्यायचीच, प्रत्येक कागदावर निळी रेघ तिथे जिना चढून जात होती. ‘थांब जरा’ या गाण्यात मात्र उडीच नाही. पाच सूर, तेही खालचे, आणि रेघ त्यांच्यातच येरझाऱ्या घालत होती. बाबांचं म्हणावं, तर त्यांना उपमेवाचून एक कडवं जमत नसे. या गाण्यात एकही उपमा नाही. शब्दांत बाबा नव्हते आणि चालीत काका नव्हते. मार्गदर्शक बाईंनी सुचवलं की अपवाद म्हणून ते गाणं वगळून टाक. म्हणजे लग्नातून नवरामुलगाच वगळायचा. तिने कागदांची गुंडाळी केली आणि काकांचा पत्ता शोधला.

चौथ्या मजल्यावरचं दार काकूंनी उघडलं. बाबांच्या तोंडावळ्यावरून तिला ओळखायला त्यांना एक क्षणच लागला आणि मग त्यांनी तिचा हात सोडलाच नाही. काका चौऱ्याऐंशीचे झाले होते, दोन्ही कानांत यंत्रं. पियानोवर औषधांच्या बाटल्या आणि वर्तमानपत्रांची रद्दी. तिने विचारपूस उरकली आणि दोन कागद त्यांच्यापुढे ठेवले, एक नेहमीच्या गाण्याचा, एक त्या गाण्याचा. भिंग धरून ते बराच वेळ निळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिले.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही, काका. मोजलं.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “सांगा आता. किती वर्षं पोटात ठेवणार?”

मग काका सांगत गेले. ती तेव्हा तीन वर्षांची होती. तिचा कान दुखत होता आणि आईची रुग्णालयात दुपारची पाळी होती, म्हणून बाबा तिला खांद्यावर घेऊनच काकांच्या घरी, तालमीच्या खोलीत आले. ती रडून रडून लाल झालेली. एरवी शब्दांना तोटा नसलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांना पोरीशी बोलायला एक शब्द सुचेना. तिचा दुखरा कान छातीशी धरून ते खोलीभर फेऱ्या मारत राहिले आणि गुणगुणत राहिले. काकांची बोटं आपोआप पियानोवर त्यांच्यामागे चालू लागली. चाल विसरू नये म्हणून काका टेपरेकॉर्डर कायम चालू ठेवत आणि चालीला कसले तरी शब्द टाकून ठेवत. पुढे गीतकाराने खरे शब्द लिहिले की ते फेकून द्यायचे, अशी त्या धंद्याची रीत. तेवढ्यात काकूंनी आतून चहाला हाक मारली. काका बसल्या जागेवरून त्याच सुरांत उत्तर देऊन मोकळे झाले: थांब जरा, आलोच मी.

समीक्षकाची अकरा पानं आठवून तिला हसू आलं, आणि ते पुरतं येण्याआधीच मावळलं.

बाबांनी त्या चालीवर अकरा वेळा खरे शब्द लिहून पाहिले होते. काकांनी कपाटातून ती वही काढून दिली. चंद्र होता, वाट होती, दिवा होता, आणि प्रत्येक पानावर आडवी फुली. बाराव्या पानावर बाबांच्या अक्षरात एवढंच होतं: ‘तुझेच राहू देत. याहून बरं मला येत नाही.’

“मग नावं?” तिने विचारलं.

तबकडी छापून आली ती नेहमीच्या नावांनिशी. बाबा म्हणाले, दुरुस्त कर, चाल माझी, शब्द तुझे. काकांनी ते हसण्यावारी नेलं. तुझा बेसूरपणा जगजाहीर आहे, कोण विश्वास ठेवेल, म्हणाले. ते खोटंही नव्हतं. घरात बाबा गुणगुणायला लागले की आई रेडिओ मोठा करायची. मग बक्षीस आलं, ते शब्दांनाही आणि चालीलाही, आणि बाबांना व्यासपीठावर उभं राहून दुसऱ्याच्या शब्दांसाठी टाळ्या घ्याव्या लागल्या.

“पण तेही खरं कारण नव्हे,” काका म्हणाले. “शंभरावर चाली केल्या मी, घाम गाळून. आणि ज्याला सा कुठे आहे हे ठाऊक नाही, त्याने पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता मारता ही केली. ती माझी असायला हवी होती, पोरी. मला ती द्यायची नव्हती.”

तिला संताप आला. अडतीस वर्षं. बाबा उठून जात होते आणि ती ते गाणं लावतच होती, मुद्दाम, मोठ्या आवाजात. बाबांना अपमान गिळायला लावला तो यांनी, आणि नकळत तिनेही. काही तरी लागेल असं बोलावं म्हणून तिने वर पाहिलं. काका यंत्रं काढून दोन्ही कान चोळत बसले होते, मार खायला तयार असलेल्या माणसासारखे. तिने वही मिटून ठेवली.

काकांनी यंत्रं पुन्हा कानांत घातली आणि काकूंनी त्या दिवशीची टेप लावली. आधी खरखर, मग पावलं. मग बाबांचा आवाज, शब्दांवाचून, थोडा घसरलेला, खालच्या पाच सुरांत. मधूनमधून एका पोरीचं रडणं; ते हळूहळू मुसमुसण्यावर आलं. तिचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला. दुखायचा तो डावाच. बाबांनी तिला कधी एक ओळही लिहून दिली नाही, ही तिची आयुष्यभराची बारीक तक्रार होती. सगळ्या जगाला शब्द वाटले, मला एकही नाही, असं ती आईला म्हणायची.

काकूंनी टेप मध्येच थांबवल्यावर काकांनी तिच्याकडे पेन्सिल मागितली. तिच्या प्रबंधातल्या गाण्यांच्या यादीत त्या गाण्यापुढे ‘चाल’ या रकान्यातलं स्वतःचं नाव त्यांनी खोडलं आणि एकेक अक्षर जोडत बाबांचं लिहिलं. त्याला बराच वेळ लागला. ‘शब्द’ या रकान्यातलं बाबांचं नाव तिने खोडलं, ते तिचं तिलाच करणं भाग होतं. मग तिथे काकांचं लिहू लागली, तर ते नको नको म्हणू लागले.

“हिचं टाक. मी हिलाच म्हणालो होतो.”

“माझं नको बाई,” काकू म्हणाल्या. “आले कुठे हे? चहा गार झाला होता त्या दिवशी.”

तिने काकांचंच नाव लिहिलं. मग टेप पुन्हा लावायला सांगितली, आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकली. गुणगुणणं थांबतं. पियानो थांबतो. मग रडून घोगरी झालेली ती तीन वर्षांची पोरगी म्हणते, “बाबा, अजून.” आणि बाबा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.