सासूबाईंचा खोकला

तोंडावर हिरवं कापड, त्याला उजव्या डोळ्यापुरतं भोक, आणि घशात आठ दिवस लपवलेला खोकला. ऑपरेशनच्या टेबलावर सासूबाई अशा अडकल्या होत्या की कूस बदलायचीही सोय नव्हती.

डावा डोळा दुसऱ्या डॉक्टरकडे मोतीबिंदू काढताना गेला होता. या वेळी ऑपरेशन करणार होता डॉक्टर जावई. त्याने आधीच बजावलं होतं, "आई, बुबुळाच्या काचेला आतून पेशींचा एकच थर असतो. तो मेला की काच पांढरी पडते, आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. या डोळ्यातही मोजक्याच उरल्यात. त्यांना धक्का लागू नये म्हणून मी त्यांच्याखाली जेल भरून मोतीबिंदू फोडीन, तुम्ही फक्त हलू नका. खोकलाबिकला असेल तर सांगा, तारीख पुढे ढकलू."

सांगतील त्या सासूबाई कसल्या! जावई तारखाच ढकलत बसतो, त्याच्या हातात दम नाही, असं त्यांनीच चार घरी सांगून ठेवलेलं. मग माघार कुठल्या तोंडाने घ्यायची?

आता घसा खवखवू लागला. त्यांनी आवंढा गिळला, आणखी एक गिळला. डोळ्यात हत्यार होतं. उभा जन्म शिवणकामात गेलेला. कापडाला हिसका बसला की सुई कुठे घुसते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. शेवटी त्यांनी शेजारी उभ्या नर्सचा हात करकचून दाबला आणि त्या 'खोकला' एवढंच पुटपुटल्या.

"डॉक्टर, खोकला!" नर्स ओरडली.

जावयाने हत्यारं अलगद बाहेर काढली. सासूबाई खोकल्या.

"कधीपासून आहे?"

"आत्ताच."

"आई..."

"आठ दिवस झाले. थांबवा हवं तर."

"आता थांबता येत नाही. अर्धा मोतीबिंदू आतच आहे."

त्याचा आवाज कोरडा पडला होता. म्हणजे तोही अडकला होता, आणि त्याला अडकवलं होतं त्यांनी. सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घशात आलं की हात दाबा," तो म्हणाला. "मी बाहेर येईन, जेल पुन्हा भरीन, पुन्हा आत जाईन. लाजू नका."

त्यांनी नऊ वेळा हात दाबला. नऊही वेळा तो बाहेर आला आणि एकदाही चिडला नाही. चिडला असता तर बरं, असं त्यांना वाटत राहिलं.

"झालं, आई. आता पोटभर खोका."

आणि मेला खोकला आलाच नाही. रडू आलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. जावयाने यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काच स्वच्छ आहे."

सासूबाईंना आधी नुसतं धुरकट दिसलं, मग भिंतीवरचं घड्याळ, मग जावई. त्याच्या कानशिलावर चांगले मूठभर पांढरे केस होते.

"जावईबापू, हे कधी पिकले?"

"काल," तो म्हणाला. "दहा ते अकरा."