हात फिरवलेलं चित्र

चित्रकलेच्या बाईंना शाळेत काही काम नसतं, असं सगळ्या शाळेचं मत असतं. पोरांना रंगात बरबटवायचं आणि घंटा झाली की घरी पाठवायचं, झालं. पूर्वी मी यावर भांडायचे. माझं तोंड फटकळ आहे आणि राग कायम नाकावर असतो, हे माझी सख्खी बहीणच जगभर सांगत फिरते. हल्ली भांडत नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

माझी खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. खिडक्या उत्तरेच्या, त्यामुळे दिवसभर सारखा उजेड असतो. सगळ्या इमारतीत असा उजेड दुसरीकडे कुठेही नाही आणि ही गोष्ट माझ्याखेरीज कुणाच्या लक्षातही आलेली नाही. बेसिनचा नळ गळतो, बाकांवर रंगांचे इतके थर बसलेत की मूळ लाकूड कसलं ते सांगता येणार नाही. पहिलीपासून नववीपर्यंतची मुलं आठवड्यातून एकदा इथे येतात. वरच्या मजल्यावरच्या वर्गांत ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही, ती इथे बडबडतात. मला ही खोली आवडते. घरापेक्षा जास्त आवडते, असं म्हटलं तरी खोटं होणार नाही.

माझा एकच नियम आहे. मुलाच्या कागदाला मी हात लावत नाही. काही दाखवायचं असलं तर माझ्या कागदावर काढून दाखवते आणि तो कागद लगेच फाडून टाकते. आमच्या धंद्यात हा नियम म्हणजे वेडेपणा समजतात. कारण दरवर्षी आंतरशालेय प्रदर्शन भरतं आणि त्याच्या आदल्या आठवड्यात सगळ्या शाळांतले चित्रकलेचे शिक्षक मुलांच्या चित्रांवर ‘हात फिरवतात’. इथे जरा सावली गडद, तिथे नाक सरळ, आकाश सपाट. मूल घरी झोपलेलं असतं आणि त्याचं चित्र शाळेत सुधारत असतं. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

शेजारच्या शाळेतले चित्रकलेचे सर यात पटाईत. माणूस चांगला, माझा जुना मित्र. त्यांच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या चित्रात एकच झाड असतं, डावीकडे झुकलेलं, बुंध्याला दोन फाटे. मी त्यांना म्हणायचे, तुमच्याकडची सगळी मुलं एकच हात घेऊन जन्माला आलेली दिसतात. ते हसायचे आणि म्हणायचे, बाई, हात फिरवणं ही पण कला आहे. तो असा फिरवायचा की खाली मूल दिसलं पाहिजे. शेवटी थोडं मुद्दाम बिघडवून द्यायचं.

या वर्षी मुख्याध्यापकांनी मला बोलावून चहा दिला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे. एरवी ते स्वतःचा चहासुद्धा हात आखडून पितात. म्हणाले, गणिताला तास कमी पडताहेत, खोल्या कमी पडताहेत. चित्रकला ठेवायची तर कशाच्या जोरावर ठेवू, तुम्हीच सांगा. इतक्या वर्षांत आपल्या शाळेचं एकही चित्र प्रदर्शनात लागलेलं नाही. यंदा एक तरी लागू दे, मी वर भांडेन. नाही लागलं तर तो तास गणिताला जाईल, खोलीही जाईल आणि तुम्ही ग्रंथालयाचं बघा. ते हे सगळं अगदी हळू आवाजात बोलले. मला त्यांचा रागही नीट करता येईना.

बातमी मुलांपर्यंत पोचायला एक मधली सुट्टी पुरली. शाळेत भिंतींना कान नसतात, मुलांना असतात.

माझ्याकडे सातवीत एक मुलगी होती. तिला सगळे टकमक म्हणायचे, कारण ती कुणाकडेही टकमक बघत बसायची, अगदी समोरचा ओशाळेपर्यंत. अभ्यासात बेताची, बोलायला कंजूष. पण तिचे डोळे! मी आयुष्यात शेकडो मुलांना सांगितलं असेल की आधी बघा, मग काढा. ते मनावर घेतलेली ही एकटीच. हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर माप घ्यायची. माणूस समोर बसला की त्याची मांडी आखूड दिसते आणि गुडघा मोठा दिसतो, म्हणून तसंच काढायचं, हे मी मोठ्या मुलांना वर्ष वर्ष सांगते आणि तरी ती मांडी मोजून लांबच काढतात. टकमकनं एकदा ऐकलं आणि मान हलवली.

तिची आई एका इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळीला. सकाळी घरी येते, खुर्चीत टेकते आणि चप्पल काढता काढताच झोपते. टकमकनं ती झोपलेली आई काढली. सुट्टीच्या दिवशी बसायची, आई जागी होईपर्यंत जेवढं होईल तेवढं काढायची. एक चप्पल पायात, एक सुटलेली. हात खुर्चीच्या दांड्यावरून खाली लोंबतोय, बोटं पाण्यानं सुरकुतलेली. गुडघे थेट बघणाऱ्याच्या अंगावर आलेले. मान मागे गेलेली आणि तोंड उघडं. ते चित्र तिनं माझ्या बाकावर ठेवलं तेव्हा मी उठून नळाशी गेले आणि उगाच ब्रश धूत राहिले. मला रडू येत होतं आणि सातवीच्या वर्गापुढे रडणं मला परवडणारं नव्हतं.

प्रदर्शनाला पाठवायचं म्हणून मी आईला विचारायला गेले. चित्र बघून ती आधी लाजली, मग रागावली. म्हणाली, एवढ्या लोकांनी मला असं बघायचं? लेकीकडे वळून म्हणाली, निदान तोंड तरी मिटून काढायचं होतंस गं. मी तिला सांगितलं, हे चित्र लागलं तर आमची खोली राहील. ती बराच वेळ चित्राकडे बघत होती. मग म्हणाली, न्या. दिवसभर मला बघत बसते, निदान कशाच्या तरी उपयोगी पडू दे.

मी ते एकच चित्र पाठवलं. माझी खात्री होती. एवढी खात्री मला आयुष्यात कशाचीच नव्हती.

निवड झाली त्या दिवशी शेजारच्या सरांचा फोन आला. ते तिथे मांडणीच्या कामाला होते. म्हणाले, तुमचं चित्र बाजूला काढून ठेवलंय. मी म्हटलं, पहिल्या बक्षिसासाठी? त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, “बाई, ते म्हणताहेत की हे तुम्ही काढलंय.”

मला आधी हसू आलं. सगळ्या हॉलमध्ये एक चित्र असं नव्हतं की ज्यावर कुणा मोठ्याचा हात फिरला नाही. ज्याच्यावर नव्हता फिरला, ते पकडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सर मला समजावत होते की एवढं चांगलं पाठवायचं नसतं, थोडं बिघडवायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि थेट तिकडे गेले.

निवड समितीचे अध्यक्ष वयस्क गृहस्थ होते, बोलायला अतिशय मऊ. मी आवाज चढवला, त्यांनी खुर्ची पुढे केली. त्यांचं म्हणणं, बारा वर्षांचं मूल असा गुडघा काढूच शकत नाही. मी म्हटलं, ती काढते, कारण मी शिकवलंय. ते म्हणाले, सगळेच असं म्हणतात. शेवटी मीच म्हणाले की मुलीला इथे आणते, तुमच्यासमोर बसवा, मी बाहेर थांबते. ते लगेच तयार झाले. म्हणाले, तिचा हात दिसला तर मी स्वतः हे चित्र दारासमोर लावीन. घरी परतताना मी इतकी खूश होते की बहिणीला फोन करून म्हटलं, आता बघच.

शनिवारी टकमकला घेऊन गेले. तिला काय सांगायचं यावर मी खूप विचार केला होता. तुझ्यावर संशय आहे, हे चित्र तुझं नाही असं म्हणताहेत, हे त्या पोरीला सांगायला माझी जीभ रेटेना. असं ऐकल्यावर कुणाचा हात चालेल? आणि काय काढायचं ते सांगितलं असतं तर पढवून आणली म्हणायला ते मोकळे. म्हणून एवढंच म्हणाले की त्यांना तू चित्र काढताना बघायचंय, तुला हवं ते काढ. तिनं विचारलं, यावर आपली खोली आहे का? मी हो म्हटलं.

हॉलच्या भिंतींवर निवडलेली चित्रं लागली होती. कागद मिळेपर्यंत ती हात मागे बांधून सगळ्या भिंतींवरून फिरली. एकेका चित्रासमोर थांबत होती. मग दार लागलं. मी बाहेर बाकड्यावर बसले.

अध्यक्ष बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुटल्यासारखे दिसत होते. “मुलगी गोड आहे, बाई,” ते म्हणाले. “हे तिचं चित्र. हेच पाठवलं असतंत तर आम्ही आनंदानं घेतलं असतं.”

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. दोन डोंगर, मध्ये सूर्य. नदी, नदीवर होडी. एक घर, त्याला चौकोनी खिडकी, दारापासून वळत जाणारी वाट. आणि डाव्या बाजूला झुकलेलं एक झाड, बुंध्याला दोन फाटे. शेजारच्या सरांचं झाड, पानापानासकट. होडी दुसऱ्या भिंतीवरची, घर तिसऱ्या भिंतीवरचं. एकदा बघून तिनं सगळ्या हॉलमधून एकेक वस्तू उचलली होती आणि इतकी बिनचूक बसवली होती की मी सोडून कुणाला शिवण दिसली नसती. मी अध्यक्षांना भिंतीशी नेलं, झाड दाखवलं, होडी दाखवली. म्हटलं, हे बघा, हे एका नजरेत उचललंय, हे कुठल्या मुलाला जमतं? ते सहानुभूतीनं हसले. म्हणाले, मुलं नक्कल करतातच हो. नियमाप्रमाणे या वर्षी तुमची शाळा बाद धरावी लागेल, मी मुख्याध्यापकांना कळवतो, पण शक्य तितक्या सौम्य शब्दांत.

मी अजून काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की एका टप्प्यावर मी बोलायची थांबले, कारण माझं मलाच ऐकू येत होतं की मी नेमकी एखाद्या पकडल्या गेलेल्या बाईसारखी बोलतेय.

बाहेर आलो. बस थांब्यावर गर्दी नव्हती. टकमक खूश होती. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“आईचं चित्र त्यांना आवडलं नाही, म्हणून दुसरं काढायला बोलावलं ना, बाई?” ती म्हणाली. “मी तिथे सगळी बघितली. त्यांना काय आवडतं ते कळतं. सोपं असतं ते. ते म्हातारे सर मला शाबास म्हणाले.”

माझ्या पर्समध्ये फोन वाजत होता. मुख्याध्यापकांचा असणार. मी तो काढला नाही.

“आता राहील ना खोली?” तिनं विचारलं.

“राहील,” मी म्हणाले.

तिनं बस येतेय का ते वाकून बघितलं. मग म्हणाली की सोमवारी ती वर्गातल्या सगळ्यांना असं काढायला शिकवणार आहे, म्हणजे पुढच्या वर्षी सगळ्यांचीच चित्रं लागतील आणि मला कुणी काही बोलणार नाही. आणि मग, बस येईपर्यंत, तिनं मला ते नीट समजावून सांगितलं. डोंगर आधी घ्यायचे, म्हणाली. माणसं घ्यायचीच नाहीत.