आठ तारखेचे अकरा ठोकळे

खिळा तसा साधाच — दोन इंची, टोकाशी जरा वाकलेला, डोक्यावर वाळल्या सिमेंटची करडी टोपी — पण दगडोबाच्या तळहातावर तो असा पडून होता, की आता बोलतो की मग बोलतो. दगडोबाने मूठ मिटली. तो लॅबचा शिपाई, पोरांचा मामा. बावीस वर्षं कॉलेजच्या काँक्रीट लॅबमध्ये ह्याच खिळ्याने ओल्या ठोकळ्यांवर नावं कोरली गेली होती. सिव्हिलच्या विद्यार्थी मंडळाची ती रीतच. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी प्रत्येक सभासदाने आपल्या हाताने एक ठोकळा ओतायचा — तीन थर, दर थराला सळईचे पस्तीस ठोके, वर नाव आणि तारीख — दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्याच्या हौदात सोडायचा, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सगळ्यांनी मिळून ते यंत्रात फोडायचे. ज्याचा ठोकळा सर्वांत जास्त भार सोसेल त्याला बाकीच्यांनी कचोरी खिलवायची.

आज अठ्ठाविसावा दिवस. हौदाच्या तळाशी बारा ठोकळे. त्यांतला एक पुनमचा, आणि बाकीचे अकरा… बाकीच्यांचं मागाहून सांगावं म्हणतो — नाही, सांगूनच टाकावं. बाकीचे अकरा दगडोबाने एकट्याने ओतले होते.

मी खोटारडा नव्हे, दगडोबा स्वतःला सांगायचा. मी फक्त गोष्ट जरा पुढपर्यंत नेतो, जिथं ती दम लागून थांबते तिथून. एका साली कयाधू नदीची रुंदी मोजताना फीत अपुरी पडली, तेव्हा मोहनसिंग नावाच्या पोराच्या आज्याचा फेटा जोडून माप घेतलं. फेटा ताणला गेला आणि त्या सालापासून नदी दोन हात आखूड आहे — हे त्याने बाहेरच्या फळ्यावर ‘मंडळाच्या वार्ता’ ह्या मथळ्याखाली खडूने लिहिलं होतं, आणि साठ पोरं फळ्यापुढे हसून लोळली होती. साठ! मग चाळीस. मग सिव्हिलच्या जागाच रिकाम्या राहू लागल्या, जी पोरं होती ती चारच्या बसने गावी पळू लागली, शनिवारी चौघं यायची तेव्हा दगडोबा चौदा लिहायचा. पहिला एकडा तेवढा त्याचा. पुढे चौघंही गेली, तरी एकडा होताच की हातात… मंडळाच्या कागदांवर सह्या करणारे विजयकुमार सर फळा वाचून म्हणायचे, “वा मामा, मंडळ जोरात आहे.” आणि शनिवारी दुपारी लॅबमध्ये दगडोबा आणि नळाचा थेंब.

घरीही तसंच. बायको मनकर्णा होती तोवर कोणतीही गोष्ट सांगितली की चुलीकडे तोंड करूनच ती म्हणायची, “मंग?” विश्वास नसायचा तिचा, पण “मंग?” असायचं. ती जाऊन चार वर्षं झाली. माणूस गेल्याचं सोसतं एकवेळ, पण त्या एका शब्दाची जागा… गोष्ट अर्ध्यात येऊन उभी राहते आणि पुढे कोणी ढकलत नाही.

जानेवारीत औंढ्याहून डिप्लोमा करून आलेली एक पोरगी, पुनम, फळ्यासमोर उभी राहिली. वर्गात मुलगी ती एकटीच. तिने कयाधूची वार्ता वाचली, मागे वळली आणि म्हणाली, “मंग?”

आता सांगा, काय करायला पाहिजे होतं दगडोबानं? मंडळ मेलंय असं सांगायला?

ठोकळे ओतायच्या शनिवारी ती आली तेव्हा तो म्हणाला, बाकीचे सकाळीच ओतून गेले. रविवारी तिचा ठोकळा साच्यातून काढायला तो बंद कॉलेजात एकटाच आला, आणि तो एकुलता एक ठोकळा हौदात ठेवताना त्याचाच हात जड झाला. मग बाह्या सारून त्याने अकरा साचे मांडले. जुन्या पोरापोरींची नावं आठवावी लागली नाहीत. मुंजाजी, जो सळईचे ठोके मोजताना जीभ बाहेर काढायचा. प्रमोद. धम्मानंद, ज्याने जाताना पाया पडायचं सोडून मिठी मारली होती. सरिता. दिपा. ऐश्वर्या — आता कुठं असेल, दुबईत की पुण्यात… खिळा ओल्या काँक्रीटवर चालला होता आणि लॅब भरत होती.

पण दगडोबाने सांगितलेली नुसती नावं पोरीला पुरली नाहीत. तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं — ऐश्वर्या, शनिवारी भेटतेस का? दोन दिवस तो प्रश्न तिथं होता. तिसऱ्या दिवशी दगडोबाने डाव्या हाताने खाली लिहिलं — येते.

तीनला पाच कमी असताना पुनम आली. हातात भला मोठा स्टीलचा डबा. तो तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

“दशम्या आणल्या. बारा जणांच्या. आईनं इच्चारलं, लगीन हाय का कोणाचं?” ती हसली. “कुठं हायत सगळे?”

“येऊन राहिले,” दगडोबा म्हणाला. “मुंजाजीची बस कळमनुरीलाच पंक्चर झाली. ड्रायव्हरनं टायरात हवेच्या जागी हरभरे भरले, आता बस चालून राहिली पण प्रत्येक गावाला कोंबड्या मागं लागून राहिल्या…”

“मंग?”

किती गोड लागलं ते. “मंग काय, कंडक्टर अंडी गोळा करून राहिला.”

खळखळून हसत तिने बाह्या वर केल्या आणि हौदात हात घातला. एकेक ठोकळा काढून, फडक्याने पुसून, ती ओळीने मांडू लागली. दगडोबा पाहत राहिला — लक्ष नावांवर होतं त्याचं. मुंजाजी. सरिता. दिपा. पाचव्या ठोकळ्याशी तिचं फडकं थांबलं. ती मागे गेली. पहिला पाहिला. दुसरा. मग आपला.

“मामा, माझ्यावर सात तारीख हाय.”

“व्हय.”

“ह्या सगळ्यांवर आठ. काहून?”

थेंब पडला. एवढी वर्षं माणसं, नद्या, बसगाड्या त्याने हव्या तशा वाकवल्या. पण त्या रविवारी खिळा हातात असताना सात लिहावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं. ठोकळा ज्या दिवशी ओतला तीच तारीख. बावीस वर्षांत एकदाही… लेकरांना काय शिकवायचा तो? आदमी फसवता येतो रे, ठोकळ्यावरची तारीख नाही.

“आठला रविवार व्हता, मामा. कॉलेज बंद.”

आता हवी होती एक गोष्ट. रविवारी खास परवानगी काढून… रेल्वे चुकली म्हणून…

पुनमने ऐश्वर्याचा ठोकळा उचलला, जागच्या जागी ठेवला. “ते ‘येते’ तुमीच लिव्हलं व्हतं?”

“व्हय.”

“दोन शनवार तिच्या वाटणीच्या दशम्या आणल्या मी. तुमीच खाल्ल्या.”

“चांगल्या व्हत्या,” दगडोबा म्हणाला, आणि हे तरी खरं होतं.

ती हसली नाही. स्वतःचा ठोकळा तिने यंत्रात बसवला. दगडोबाने खटका दाबला. काटा चढत गेला — चारशे, पाचशे, पाचशे नव्वद — मग आतून कण्हल्यासारखा आवाज आला, कडेची एक ढलपी सुटली आणि काटा मागे फिरला. तिने आकडा वहीत लिहिला. पहिला नंबर, आणि कचोरी द्यायला कोणी नाही.

“बाकीचे?” तो उगाच म्हणाला.

“सत्तावीसच दिवस झाले त्यांचे. आज नाही फोडता येत.” ती हात पुसत होती. “उद्या फोडा. तुमी तर रविवारी येतच असता.”

“तू…”

पण ती निघाली होती. व्हरांड्यात पावलं वाजत गेली, फळ्याशी किंचित थांबली की नुसती पिशवी सावरली, कळलं नाही.

मागाहून दगडोबा खडू घेऊन फळ्यापुढे उभा राहिला. उपस्थिती — त्याने लिहिलं. पुढे एक काढला. तो एकडा फार ओळखीचा होता. त्याच्या शेजारी काहीही ठेवलं की मंडळ जोरात चालत असे. त्याने आकडा पुसून तिथं अक्षरांत ‘एक’ लिहिलं. मग स्वतःला धरायचं की नाही ते सुचेना.

परत लॅबमध्ये आला तर खिडकीच्या कट्ट्यावर डबा तसाच. विसरली, की ठेवून गेली? विसरली तर उद्या न्यायला येईल. ठेवून गेली असेल तर… ह्या दोहोंपैकी कुठलीही गोष्ट तो कुणालाही पटवून देऊ शकला असता. स्वतःला मात्र एकही सांगता येईना. झाकणाला हात न लावता तो बाजूच्या स्टुलावर बसला. अकरा ठोकळ्यांवरचं पाणी हळूहळू वाळू लागलेलं दिसलं तसा उठला, आणि एकेक उचलून पुन्हा हौदात ठेवू लागला, उद्यापर्यंत. मंग? — कुणी तरी म्हणालं. त्याचाच आवाज होता. पुढचं त्याला खरोखरच माहीत नव्हतं.