नखाएवढी जागा

मित्रांनो, मी रबराच्या झाडाचा चीक काढणारा एक जुना सुरा आहे. सुमात्रा बेटावरच्या जांबीच्या लोहाराने मला घडवलं आणि मी रुसमिनीच्या हाती आलो. तिच्या घरामागची झाडं सासूने लावलेली, नात युसनिदार जन्मली त्या वर्षी. पोर मोठी झाली की त्यांच्याच चिकावर शहरात शिकणार होती.

सालीत चिकाच्या बारीक नळ्या असतात. पेशींनी आपापसातल्या भिंती विरघळवून त्या केलेल्या, म्हणून चीक कुठे अडत नाही. सगळ्यांत आत, लाकडाला चिकटून, नाजूक पेशींचा पातळ थर असतो. त्या चीक देत नाहीत, नवी साल घडवतात. पण भरघोस चिकाच्या नळ्या नेमक्या त्यांच्याच शेजारी. म्हणून सासू बजावायची, "नखाएवढी जागा सोड गं."

एकदा धाकटा दीर मुहतार हसला, "वहिनी, साल कापतेस की झाडाची पाठ खाजवतेस?"

रुसमिनीला ते लागलं. तिने मला दगडावर खसाखसा घासलं. मला धार चढली आणि गुर्मीही. मी आत आत शिरत गेलो. झाडांना बांधलेल्या चिकाच्या वाट्या भरू लागल्या. घावात नितळ पाणी दिसायचं, ते तिला पहाटेचं दव वाटायचं. मला ठाऊक होतं, ते दव नव्हतं.

कित्येक महिन्यांनी एका दुपारी चिमुरड्या युसनिदारने आईला विचारलं, "माक, ऊन तापलं तरी हे दव वाळत कसं नाही?"

रुसमिनीने घावात बोट फिरवून पाहिलं. "दव नाही, बाळा. सुरा लाकडाला लागलाय, त्याचं पाणी आहे हे. माझाच हात चुकला गं."

हाताने नुसता दाब दिला होता. पुढची हाव माझी होती.

आठ वर्षांनी झाडांची दुसरी बाजूही कापून संपली आणि पहिल्या बाजूवर भरून आलेली साल कापायची पाळी आली. पण तिथे नव्या सालीऐवजी गाठी आल्या होत्या. मी त्यांवरून घसरत राहिलो. वाट्या कोरड्या पडल्या.

"राहू दे माक," युसनिदार म्हणाली, "शहर कुठे पळून जातंय?"

ती गेलीच नाही. आता ती मलाच घेऊन दुसऱ्यांच्या बागेत चीक काढते, नखाएवढी जागा सोडून. मित्रांनो, कुणी भरभरून देत असलं तरी तेवढी जागा सोडा हो.

घरामागच्या झाडांजवळून जाताना ती मला पाठीमागे लपवते. झाडांना मी दिसू नये म्हणून.